दोन बोटं माया

इव्हॅरिस्ट, हात जरा लांब धर.
श्वास रोखू नकोस. माप श्वासासकट घ्यायचं असतं,
नाहीतर पहिल्याच मिस्सेला काख उसवते.
छाती चौतीस. खांदा सोळा.
उंची... ती अजून वाढेल, मूर्खा,
एकोणिसाव्या वर्षी कुणी थांबतं का?

उत्तरेचं वाळवंट वाऱ्यावर बसून येतं या दिवसांत,
दाताखाली कचकच, सुईच्या डोळ्यात धूळ,
आणि नेमकं आत्ताच गावाला पांढरं शिवून हवंय.
चादर टांगलीय दाराला,
तिच्याआड कापतोय.

काल विचारलंस, कापड कुणी घेतलं.
पहिला वार फ्लोरेन्शियाने;
तीन शुक्रवार ज्वारीची पितो गाळली,
आणि स्वतः, तिच्यासाठी नवलच, घोटभर प्यायली नाही.
दुसरा वार बायांच्या मंडळाचा, शियाच्या लोण्याचा,
अजून वास येतोय बघ त्या घडीला.
तिसऱ्यासाठी झुमाक्पेरे म्हाताऱ्याने गिनीकोंबड्या विकल्या.
तो तर चर्चची पायरीसुद्धा चढत नाही.
म्हणाला, पोरगं माझ्या अंत्यविधीला लांबलचक बोलणार नसेल
तर घे ह्या दोन कोंबड्या.

फादर कलिस्टस तुला एकदाही ‘ये’ म्हणाले नाहीत.
चार वर्षं नुसती सायकलीत हवा भरून घेतली तुझ्याकडून.
मग एका रात्री नदीपलीकडे कुणी शेवटचं मोजत होतं,
त्यांनी कंदील तुझ्या हाती दिला नि म्हणाले, पुढे चाल.
पहाटे परतलास, जेवला नाहीस,
भिंतीला टेकून बसलास उन्हं येईतो.
हाक कुणी मारली ते मला माहीत नाही,
तुझं ‘ओ’ मात्र आईला चुलीपाशी ऐकू गेलं.

ती आली होती इथे, याच बाकावर.
बोटं शियाच्या बिया फोडून काळी,
म्हणाली, एकच आहे माझा,
छप्पर कोण शाकारणार, नातवंडं कुठून आणू?
मी काय सांगणार? मी शिंपी.
देवाचं माप कुणी घेतलंय?
मी शाकारीन म्हणालो. एवढंच.
जाताना तिने पदराची गाठ सोडली, बटणं ठेवली.
त्यातलं एक वेगळं आहे, तपकिरी, कडा उडालेलं,
तुझ्या बापाच्या सदऱ्याचं.
ते आतून लावतोय.
बिशपांना दिसायचं नाही.

हलू नकोस. अजून एक सांगायचंय.

माझा मोडेस्टस दोन वर्षांत परत आला, आठवतं?
ट्रंक डोक्यावर, आणि रस्त्याने नाही,
भुईमुगाच्या शेतातून, वाकून.
लोक म्हणाले, कापड फुकट गेलं.
लोकांचं सोड,
मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही.
चौथ्या दिवशी मीच तो झगा उसवला,
तेव्हा कळलं, मी शिवण अगदी काठाला घातली होती,
अभिमानाने, चापूनचोपून, तसूभर जागा न ठेवता.
आज तो पोरांना अपूर्णांक शिकवतो,
पावसाआधी फादरांची सायकल दुरुस्त करतो,
आणि तुझ्या अर्जातलं शुद्धलेखन
त्यानेच तपासलं, रात्री जागून.

म्हणून दोन्ही बाजूंना दोन बोटं माया सोडतोय.
आमच्या धंद्यात जास्तीच्या कापडाला मायाच म्हणतात,
बाहेरून दिसत नाही, आत दुमडलेली असते.
तिकडच्या जेवणाने रुंद झालास तर उसव.
कुणी रडणारं छातीशी धरायचं झालं,
आणि खांद्यात घट्ट वाटलं, तरी उसव.
आणि कधी वाटलंच की हे अंग या कापडाचं नव्हे,
तर रस्त्याने ये.
भुईमुगातून नको.
तुझी आई दिवसाढवळ्या दारात उभी राहील,
मी तिच्याशेजारी.

हं. आता वळ.
पाठ राहिलीय.