झिरो नोड्री

कोगनोळीच्या नाक्याजवळ, हायवेला लागून,
"पेट्रोल इथं स्वस्त" असा मराठी बोर्ड लावलेला पंप.
कोल्हापूरच्या गाड्या झाकणं उघडून रांगेत.
त्यांच्यात मी, अण्णांची एकोणीसशे तीसची फोर्ड घेऊन,
जिचा हॉर्न म्हणजे बदकाला झालेलं पडसं.

शिवलीला (खिशावर नाव होतं) नळी घेऊन
आधी डावीकडं गेली, मग उजवीकडं, मग मागं.
स्टेपनीच्या आडही वाकून बघितलं.
"टाकी एल्लैत्री?"
मी काचेच्या पुढं बोट केलं.
हिची टाकी कपाळात.
कुंकवाच्या जागी झाकण.
ती हसली, बाहीनं नाक पुसलं,
आणि तान्ह्या पोराची टाळू भरावी
तशी वरून, जपून, नळी धरली.

"झिरो नोड्री."
बघितलं. पंपावर शून्य.
आत गाडीच्या आकड्यावरही शून्यच,
पण ते वेगळं शून्य.

दस्तगीर मेस्त्री सांगायचे:
टाकीत एक बुचाचा तुकडा तरंगतो,
त्याला लाखेचा लेप, लेपावर सगळा भरवसा.
तेल चढलं की बूच चढायचं, आकडा फिरायचा.
आता पेट्रोलात उसाची दारू येते,
आपल्याच चिकोडी-संकेश्वराकडच्या मळीची,
आणि लाखेला दारू सोसत नाही.
लेप गेला. बूच पिऊन पिऊन जड झालं,
तळाला जाऊन बसलं ते बसलंच.
तेव्हापासून टाकी काठोकाठ असली तरी
गाडी म्हणते, माझ्याकडं काय बी नाही.
"असली माणसं निपाणीत चार हायत," मेस्त्री म्हणायचे,
"नावं सांगू?"
आणि सांगायचे.

खट्.
नळी आपोआप बंद. पुन्हा दाबली. खट्.
अर्ध्या लिटरला एक खट्.
हिचा घसा त्या काळचा, आणि नळीला घाई आजची.
मागनं इनोव्हावाला ओरडला,
"काका, म्युझियमला नेऊन लावा की ती!"
शिवलीलानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.
नळी मनगटात फिरवून उलटी धरली,
थांबत थांबत सोडायला लागली.
"म्हशीला औषध पाजवताना असंच करतंय आम्ही,
एकदम ओतलं तर ठसका लागतंय."
गाडीला ठसका लागला नाही.

मी सीटखालची बांबूची काठी काढली.
तंबाखूच्या वखारीतली, अण्णांनी चाकूनं खाचा पाडलेली,
एक खाच म्हणजे एक गॅलन.
टाकीत बुडवून बाहेर काढली.
यंत्र म्हणालं, सत्तावीस लिटर तीस.
काठी म्हणाली, सहा, आणि वर नखभर.
नखभर आधीचं होतं.

पावतीला गाडीचा नंबर पाहिजे.
शिवलीलानं पाटीवरची अक्षरं एकेक करून घातली.
यंत्र लाल झालं. पुन्हा घातली. पुन्हा लाल.
ती पाटी मुंबई इलाख्याची.
गाडी निपाणीतल्या शेडमध्ये
उभ्या उभ्याच मुंबईत होती,
मग म्हैसुरात, मग कर्नाटकात.
चाकं तिथंच, खाली विटा.
हे यंत्राला कुणी सांगायचं,
आणि कुठल्या भाषेत?
"जाऊ द्या वो," म्हणाली,
आणि स्वतःच्या स्कुटीचा नंबर ठोकला.
चर्रर्र करून कागद आला.
आता कुठंतरी कॉम्प्युटरात नोंद आहे
की हुक्केरीच्या एका पोरीची स्कुटी
एका बैठकीत सत्तावीस लिटर प्याली.

कॉक उघडला. हिला आत पंपबिंप नाही,
वरचं खाली येतं आपल्या वजनानं, एवढंच.
दोन आचके, मग ती चालती झाली,
इनोव्हाच्या काचेवर थोडा धूर ठेवून.

तवंदीच्या घाटात आकडा शून्यावर,
मांडीवर काठी आडवी,
सहा खाचा ओल्या.
वारं लागून एकेक सुकत गेली,
पाच, चार,
पुढं मी बघितलं नाही.