अठ्ठावीसचा टायर

हँडलची टेप उलगडली तेव्हा दिसलं
आत किती घाम मुरला होता माझा.
पांढरं मीठ, हिरवट गंज,
आणि तर्जनी घासून घासून
एकाच जागी आलेली चकाकी.

"भंगारात टाकू?" पिरजादे म्हणाले.
नाना पेठेतलं त्यांचं दुकान म्हणजे
एक दार, एक स्टूल, आणि छताला
उलट्या टांगलेल्या लोकांच्या सायकली.
थांबा जरा, म्हटलं.
ते थांबले. चहा सांगितला.

बावीस वर्षं वाकून
मी रस्ता पाहिला तो पुढच्या चाकाएवढाच.
आता मानेचा पाचवा मणका कुरकुरतो.
डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा नाहीतर वाकणं सोडा.
वाकणं सोडायचं ठरवलं.

आखूड स्टेम, वर उचललेला.
सरळ दांडी, दूधवाल्याच्या सायकलीसारखी.
इथे मला लागलं थोडं, लपवत नाही.
मागे बत्तीस दात्यांची चकती.
"घाटात लाज वाटणार नाही, ताई.
वाटलीच तर बसून वाटेल, उतरून नाही."

टायर तेवीसचे होते, सुरीच्या पात्यासारखे.
बत्तीसचा घालून पाहिला, ब्रेकला घासला.
तीसचाही घासला.
अठ्ठावीस बसला,
मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवून.
"पुढे फ्रेम ऐकत नाही."

कॅरिअरला भोकंच नव्हती.
शर्यतीच्या सायकलवर सामान कोण लादतंय?
पिरजाद्यांनी नळाच्या पट्ट्या काढल्या,
रंग खरवडू नये म्हणून
आत जुन्या ट्यूबचा तुकडा घातला,
आणि आवळल्या हलक्या हाताने,
बँडेज बांधावं तशा.

घंटी माझी मीच निवडली.
इतकी वर्षं नुसती ओरडत गेले होते.

खडकवासल्याच्या कणसांच्या धुरातून
पोरांचा एक घोळका सुंसुं पुढे निघाला.
"काकू, एकट्याच?"
उत्तर द्यायच्या आत तो वळणापार.

पाबे घाटात चारदा थांबले.
एकदा दमाने, एकदा चेनने,
एकदा पट्टी सैल झाली म्हणून.
चौथ्यांदा उगीच.
तिथे दगडी डोण होती, काठोकाठ भरलेली.
एक माणूस म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता.

हे वळण मला पाठ आहे.
चढ केवढा, गिअर कुठला,
खानापूरपासून किती मिनिटं, किती सेकंद.
विचारलं, ही डोण कधी बांधली?
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे.
"आहे की. कायमच आहे."

रात्री वेल्ह्यात एका ओसरीवर खाट मिळाली.
भाकरी, पिठलं, वर कच्चा कांदा.
सायकल खांबाला टेकवलेली,
कॅरिअरवर माझा ओला टॉवेल.
मान दुखत नव्हती.
फक्त झोप लागता लागता कळलं,
दोन्ही मुठी अजून वळलेल्या आहेत
त्या जुन्या हँडलच्या आकारात,
आणि मी त्या सोडवल्या नाहीत.