आखाजीचा झोका

धुळ्याला, शवागाराच्या मागच्या खोलीत,
भिकन हवालदारानं खताच्या गोणीतून
हाडं टेबलावर ओतली.
ओतली म्हणजे खरंच ओतली, दादरसारखी.
हळू, मी म्हटलं.
तो म्हणाला, आता काय दुखतंय, मॅडम.

कापडण्याकडची विहीर.
गाळ काढायला जेसीबी लावला
आणि बकेटमध्ये जबडा आला.

कवटीवर दोन भेगा.
एकीच्या कडा पांढऱ्या, मोडलेल्या खडूसारख्या:
ही जेसीबीची. हिला बाजूला ठेवलं.
दुसरीच्या कडा गाळाच्याच रंगाच्या,
आत वाकलेल्या, तुटूनही चिकटून राहिलेल्या
ओल्या काठीसारख्या.
हाड ओलं होतं तेव्हाची ही.
कुणी मारलं, की पडताना बांधकामाचा दगड लागला,
एवढं त्या भेगेत मावत नाही.
मी तसंच लिहिलं. वकिलाला आवडणार नाही.

मग डावा हात.
कोपर आणि मनगटाच्या मधोमध
उसाच्या पेरावर असते तशी गाठ.
तिच्याखाली दोन बोटांवर आणखी एक,
झिजून गुळगुळीत झालेली, जुनी.
दोन्ही भरलेल्या.
म्हणजे त्यानंतर ती जगली,
कळण्याच्या भाकरी थापल्या, पाणी शेंदलं
याच हातानं.

बाहेर बाकावर भाऊ. राजधर.
टोपी गुडघ्यावर.
डीएनए नाशिकला गेलाय; तोवर माझ्या कागदावर
ती अनोळखी स्त्री, वय तीस ते चाळीस.
त्याच्यासाठी ठगूच.
हात मोडला होता का कधी?
"मोरीमा पाय घसरना व्हता तिना."
मग बराच वेळ तो फरशीकडे बघत राहिला.
"त्या आखाजीले आनी तिले.
झोकावर एकच हातमा दोर धरे.
आम्ही हासनूत."

मी त्याला सांगितलं नाही
की घसरणारा माणूस तळहात टेकतो,
आणि मोडतं ते मनगट.
मधोमध मोडतं, ते बहुतेक
हात डोक्यावर आडवा धरलेला असताना.

फॉर्ममध्ये जुन्या जखमांना दीड ओळ दिलेली आहे.
डावी उल्ना, दोन भरलेले अस्थिभंग,
वेगवेगळ्या काळातले.
वर्षं कोणती, ते हाडावर लिहिलेलं नसतं.

मी परत बाहेर गेले.
त्याच्या शेजारी बसले
आणि विचारलं,
त्याच्या आधीच्या आखाजीला
ती आली होती का?