इतर

मार्चमध्ये अंदाजपत्रक टपालकचेरीच्या फळीवर डकवतो आम्ही,
बेचाळीस पानं, मुंगीएवढी अक्षरं.
कायदा पाळला जातो.
गेल्या वर्षी परिशिष्ट तीन वाऱ्याने सोडवलं
आणि जुमाकादिरच्या गाढवाने खाल्लं.
तक्रार कुणाचीच आली नाही.
सुनावणीला अकरा माणसं,
त्यांतली सात आमच्याच कचेरीची.

मी इथली हिशेबनीस, एकोणीस वर्षं.
तेवढ्यात हातचं राखून बोलायला शिकले.

यंदा काय डोक्यात आलं कोण जाणे,
शाळेच्या व्यायामशाळेत खडू घेऊन ओणवी झाले
आणि केंग-सायचे सगळे सोम जमिनीवर आखले.
एक पाऊल म्हणजे एक लाख.
पगार या बास्केटखालून निघाले, थेट त्या बास्केटखाली पोचले.
कोळसा मधल्या वर्तुळापर्यंत.
नदीपलीकडचा नळ
जेमतेम एका टाचेएवढा.

लोक आले. हीटर बंद, म्हणून टोप्या न काढताच
पैशांवरून चालू लागले,
आधी जपून, कुणाच्या थडग्यावर पाय पडेल असे,
मग खुशाल.

सायराकान आपा नऊ पावलं चालली, थांबली.
"हे काय गं?"
इतर, म्हटलं.
"इतर म्हणजे कोण?"

अध्यक्ष खिशात फोन शोधू लागले.
मला माहीत होतं: मेजवानी, दोन घोडे,
प्रांताच्या पाहुण्यांना दिलेले गालिचे,
आणि एक आकडा, जो मलाही विचारायची सोय नव्हती.
ते सगळं बोलले, मोठ्याने. आवाज छपराला आपटून परत आला.

ती नळावर जाऊन उभी राहिली.
रबरी बूट रेघेबाहेर सांडला.
"मी मावत नाही यात."

पुढे जे झालं त्याला चर्चा म्हणवत नाही.
कुणाला पुलाला कठडा हवा, कुणाला दिवा,
तालांत म्हणाला आधी मैदान, पोरं त्याच्या बाजूने ओरडली.
एक मुलगी बुटाने इतर पुसत पुसत
खडूची धूळ नळाकडे ढकलत होती.
साडेदहाला वीज गेली. भांडण अंधारातही चाललं.

ठरलं काहीच नाही. शुक्रवारी पुन्हा.

सकाळी शिपाई म्हणाला, निम्मंच निघालं, बाकीचं फटींत बसलंय.
मी वही उघडली. खडूचा नवा खोका, साठ सोम.
सदर कोणतं?
पेन इतरवर टेकलं.
उचललं.