दर चौरस फुटाला

साळवी स्टॉपच्या पुढे, चढावर, तीन मजली काच.
खाली टाइल्सचं दुकान, मधे पतपेढी,
वर रक्त-लघवी तपासणी.
काच पश्चिमेला, कारण समुद्र पश्चिमेला
आणि वस्ताशेठना समुद्र भाड्याने द्यायचा होता.

गेल्या वर्षी, दुपारी साडेतीनला,
मी थर्मामीटरची लाल टिकली फिरवली.
काच, आतून : एकेचाळीस.
मागच्या जिन्याची जांभ्याची भिंत : एकोणतीस.
तिकडे मी गेलेच नसते.
दत्ताराम शिवगण तिला टेकून डबा खात होता.

"एसी सतरावर," तो म्हणाला,
"पतपेढीतल्या मॅडम शाल घेऊन बसतात."
मी लिहिलं, सतरा.
शालीला फॉर्मात रकाना नाही.

नियम म्हणतो इतकीच काच, इतकी सावली,
इतक्या विजेत इतका गारवा.
धूर त्यात एकदाच येतो, परिशिष्टात.
खरंच, धूर इथे कुठे आहे?
तो खाडीपल्याड, कोळशाची बार्ज लागते तिकडे.
इथे फक्त मीटरचा लाल दिवा मिचकतो,
एका मिचकण्याला
चिमूटभर कोळसा.

शेठनी ऐकलं.
छज्जे काढले, काचेला फिल्म लावली,
एसी चोवीसवर आणला. शाल घरी गेली.
बिल पावपट उतरलं,
मी फाटकाबाहेर येऊन दोन सोलकढ्या प्यायले.

यंदा आले तर गच्चीवर लग्नाचा हॉल.
वाचलेल्या पैशांचा.
आठ टनांची मशिनं, नवी, पंचतारांकित स्टिकरची.
कॅल्क्युलेटर म्हणाला, पास.
मोजणी दर चौरस फुटाला असते
आणि फूट वाढलेत.
दर फुटाला आम्ही शहाणे झालोय.
वर आभाळात मात्र
भागाकार करणारं कुणी नाही,
तिथे नुसती बेरीज.

सहीच्या खाली, पेन्सिलीने,
मी एकूण युनिटं लिहिली. दोन्ही वर्षांची.
ही जागा शिक्क्यासाठी असते,
शिक्का बसला की आकडे झाकले जातील.

हॉलमध्ये माणूस नव्हता.
मांडवाच्या निशिगंधासाठी एसी सकाळपासून चालू.
मुहूर्त उद्याचा.

दत्तारामने माझ्याकडे पाहिलं,
मी त्याच्याकडे.
त्याने खटका खाली ओढला.
मशीन थांबल्यावर कळलं
इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो.

"फुलवाला शिव्या घालणार," तो हळूच म्हणाला,
आणि पश्चिमेची एक खिडकी, फिल्म लावलेली,
खांदा लावून
उघडते का बघू लागला.