माशी

रविवारी त्रिस्तान नार्वाखाच्या बाजारात
सातच्या आत पोचावं लागतं.
उशीर झाला की चांगले व्हॉल्व्ह दंतवैद्य घेऊन जातात,
त्यांना हौस असते, वर पैसेही.
मला उरतात पाय वाकलेले, काच काळवंडलेले,
"देवाशपथ चालतो" म्हणून विकलेले.
नखाने वाजवून बघतो एकेक,
मडकं घेताना बघावं तसं.

मार्चात एबेर आला आईचा रेडिओ घेऊन,
बाबागाडीत घालून, वर दुपटं.
म्हणाला, लागतो, पण आवाजावर
सारखी एक माशी बसलेली असते.

पाठ उघडली.
धूळ, एक वाळलेलं झुरळ,
आणि अठ्ठावन्न सालचा कंडेन्सर,
बुडाशी पांढरी बुरशी धरलेला.
तसला दुसरा मिळेना.
तीन रविवार गेले.
शेवटी पायसांदूच्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या
अॅम्प्लिफायरमधून काढला,
न वापरल्यासारखा कोरा.
डाख दिला. बटण फिरवलं.
इतकं स्वच्छ, की निवेदक पान उलटतो तेही ऐकू यावं.
मी स्वतःवर खूश होतो, खोटं का बोलू.

आठवड्याने दोन्या एल्बिया स्वतः आली,
दोन बस बदलून, रेडिओ मांडीवर धरून.
"हा आमचा नाही."
मी आतला नंबर दाखवला.
"नंबर असेल. रेडिओ नाही."

मग खुर्चीत बसून, पर्स न सोडता, म्हणाली:
अल्सिदेस साडेचारला उठायचा,
मांसाच्या कारखान्यात पहिली पाळी.
दिवा लावायचा नाही, मी जागी होईन म्हणून.
रेडिओ लावायचा.
आधी ते घूं यायचं, हळूहळू चढत,
मग कितीतरी वेळाने माणूस बोलायचा.
त्या मधल्या वेळात मला कळायचं, हा उठलाय.
आता एकदम माणूसच बोलतो.
आधी कुणी उठत नाही.

जुना परत घालता येणार नव्हता.
ट्रान्सफॉर्मर जळला असता, कदाचित पडदेही.
सांगितलं तसं. ती ऐकून घेऊन
बसूनच राहिली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा
बाजारात कमी पडणारा माल मागितला.
यामांदू बगलेतला थर्मास सांभाळत हसला,
"विल्मार, डोकं फिरलं का तुझं?"
आणि तळातला डबा पुढे सरकवला.

पुढच्या गुरुवारी तिला समोर बसवून
एकेक लावून पाहिला.
सोळा मायक्रोफॅरड: "ऐकू तरी येतंय का?"
चार: "अहो, तो ट्रक नव्हता."
आठ लावला. व्हॉल्व्ह तापायला लागले,
हिरवा डोळा अर्धवट उघडला,
आणि ते आलं, जमिनीखालून आल्यासारखं.
तिने काहीच म्हटलं नाही.
पाय मात्र चपलेतून काढून
आत ओढून घेतले, पांघरुणात घ्यावेत तसे.

निवेदक बोलायला लागला तेव्हा
तिने बटण बंद केलं.
"किती झाले?"

बिलात लिहिलं: सुटा भाग एक, मजुरी एक तास.

महिन्याने एबेरचा फोन.
जरा चढ्या आवाजात.
माशी परत आलीये म्हणाला.
म्हटलं, हो.
सहा महिन्यांची गॅरंटी आहे तिची.
गेली, तर घेऊन ये.