खानेसुमारी

रेजाँ आला तो फाइल काखेत मारून,
समुद्रापलीकडून, क्वेबेकहून,
आणि फाटकावरची पाटी वाचून तिथेच थबकला,
आरशाला धडकावं तसा.
"क्लूतिए," तो म्हणाला. "मीही."
मी म्हटलं, "बूट पुसा, आत या."

टेबलावर त्यानं नकाशा पसरला.
फ्रान्सचे सगळे जिल्हे; जिथे आमचं आडनाव दाट
तिथे निळा रंग दाट.
ओर्नवर थोडी निळाई, दूध विरजताना सांडावी तेवढी.
मोंगार गावासाठी वेगळा तक्ता,
पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार रकाने,
त्या त्या काळात जन्मलेले क्लूतिए:
एकोणीस. अकरा. चार. शून्य.
चारवर बोट ठेवून तो गप्प बसला.
"ते आम्ही," मी सांगितलं.
"गातियाँ अल्जेरियातून परतला नाही.
ओदिलाँ ट्रक चालवायचा, मूलबाळ नाही.
धाकटी लग्न करून लफेव्हर झाली.
चौथी तुम्हाला कॉफी ओततेय."

मूळ विचारलं त्यानं.
मूळ काय, क्लू म्हणजे खिळा,
क्लूतिए म्हणजे खिळे घडवणारा,
शाळेतलं पोरही सांगेल.
करवसुलीच्या वहीत कधीतरी
एकाच गावात तीन गिल्योम निघाले असतील,
कारकुनानं वैतागून एकापुढे लिहिलं असेल: खिळेवाला.
एवढंच.
त्या सकाळी तो मासे धरताना दिसता
तर मी वेगळ्याच नावानं म्हातारी झाले असते.
पुढे मुलगा सुतार झाला, नातू गुराखी,
पणतूला हातोडीसुद्धा धरता येईना,
पण वहीत ठोकलेला खिळा काही निघेना.

काम कसलं? कांब तापवा, टोक काढा,
तोडा, डोकं ठोका,
हा थंड होण्याआधी पुढचा.
तिकडे आर्देनमध्ये म्हणे भात्याचं चाक
कुत्रा फिरवायचा, आत पळून पळून.
आमच्याकडे कुत्रा पोसायची ऐपत नव्हती.
मुलं होती.

"आणि तुमच्याकडे?" मी विचारलं.
तो हसला. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत
पानंच्या पानं आमची.
त्याचा दंतवैद्य क्लूतिए,
त्याला दंड करणारा पोलीस क्लूतिए,
सोडून गेलेली बायको माहेरची क्लूतिए,
नातं काही नाही, शपथेवर.
हॉकीच्या संघात पाठीवर नुसतं आडनाव लिहून
भागत नाही म्हणे.

म्हणजे एका जहाजाच्या कोपऱ्यात मावतील
एवढे गेले, कधीकाळी,
बाकीचे आम्ही राहिलो, इथे, खिळून.
आणि बघा.
मला हे न्यायाचं वाटलं नाही.
लहानपणी पोस्टमन आम्हाला शिव्या घालायचा,
सहा दारांवर एकच नाव.
आता "क्लूतिए, मोंगार" एवढ्यावर पत्र पोचतं,
गल्ली नको, नंबर नको.

निघताना त्यानं खिळा मागितला.
हातानं घडवलेला, घरातला, असेल एखादा तर.
मी कपाट हलवून पाहिलं, माळा पाहिला,
कोठाराचं दार इतकं खिळखिळं
की हात लावताच हातात आलं.
घडीव खिळे केव्हाच गंजून मातीला मिळालेत.
शेवटी फाटकावरच्या पाटीचा एक
मी पक्कडीनं उपटून दिला,
गोल डोक्याचा, कारखान्याचा,
मोर्तान्यच्या दुकानातून पाकिटात आलेला, दोन वर्षांपूर्वी.
त्यानं तो रुमालात गुंडाळला.
त्याचे डोळे पाहून मी काही बोलले नाही.

पाटी तेव्हापासून एका बाजूला कललीय.
टपाल घेऊन येणारी पोरगी रोज विचारते,
"ह्युगेतबाई, ठोकून देऊ का?"
मी म्हणते, राहू दे.
रात्री वारा सुटला की ती फाटकावर वाजते:
टक.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक.
मी पडल्या पडल्या मोजते.
कधी कधी एकोणीसपर्यंत जागी असते.